चौथं ताट

आमच्या मोहल्ल्यात अनोळखी माणूस शिरला की आधी कोंबड्या आत जायच्या, मग पोरी, आणि दार सगळ्यात शेवटी लागायचं. दार घाईनं लावलं तर घरात लपवण्यासारखं काही आहे हे कळतं, एवढी अक्कल आम्हाला लेव्हीच्या वर्षांनी शिकवली होती. लढाईच्या काळात आणि नंतरही काही वर्षं सरकारी माणसं धान घ्यायला यायची. बांबूच्या, शेणानं लिंपलेल्या ढोलीत सळई खुपसून आत धान किती आहे ते बघायची. त्याआधी मात्र ओसरीवर बसून गोड आवाजात एकच विचारायची, "घरात खाणारे किती?" जितकी तोंडं जास्त तितकं धान घरी राहायचं. म्हणून आमच्याकडे मेलेला आजाही जेवायचा आणि पोटातलं पोरही जेवायचं. लेव्ही गेली, पण ही सवय काही गेली नाही.

गाव वैनगंगेच्या काठचं, तालुक्याचं ठिकाण. खालच्या अंगाला नदी, वरच्या अंगाला कचेरी आणि मध्ये आम्ही, दोघींनाही भिऊन असणारे. आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा हिवाळा असेल. धानाची मळणी उरकत आली होती. राज्य बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, हे कोणाला सांगता येत नव्हतं. आजवर नागपूरकडे तोंड करून अर्ज करायचे, आता म्हणे समुद्राकडे तोंड करायचं. समुद्र आमच्यातल्या एकानंही पाहिलेला नव्हता.

अशात समुद्राकडून एक बाई आली. पस्तिशीची, एकटी, पायात चपला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत छापील कागद. लोक काय खातात, कसल्या घरात राहतात आणि त्यांना काय बदलायला हवं असं वाटतं, एवढं विचारायला ती मुंबईहून इतक्या लांब आली होती. शिपाई घेऊन आली असती तर आम्ही इतके घाबरलो नसतो. शिपाई दिसला की निदान कोणाला भ्यायचं ते कळतं.

शेजारचे बांगडीवाले चाचा आपल्या ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोटात काय गेलं हे पुसणारा माणूस पोटातून काय काढता येते तेच पाहून राह्यला असते." मोहल्ल्याला ते पटलं. मलाही पटलं.

आणि नेमकी मीच तिच्या हाताखाली गेले. बाईला आमची बोली समजेना, आमच्या बायांना तिची समजेना. हेडमास्तरांनी माझं नाव सांगितलं. मी सातवी पास होते, अक्षर बरं होतं, लग्न व्हायचं होतं. तिनं विचारायचं, मी समजावून द्यायचं आणि उत्तर पेन्सिलीनं कागदावर लिहायचं, असं ठरलं. बाबांनी हो म्हटलं ते माझ्या हुशारीवर खूश होऊन नाही. "आपली पोरगी लिवते तं काय लिवते ते तं समजीन," असं त्यांनी मायला सांगितलेलं मी ऐकलं. म्हणजे मी बाईकडे कारकून होते आणि मोहल्ल्याकडे हेर. खरं सांगते, मला दोन्ही कामं आवडली.

तीन दिवस आम्ही घरोघर फिरलो. पहिला प्रश्न जेवणाचा. ज्या घरातून भाताचा वास येत होता, त्या घरची बाई म्हणायची, "आंबिलीवर दिवस काढून राह्यलो, बाई." चाचा म्हणाले, "आमी हवा खातो. ते बी मिळाली तं." त्यांनी सासरी गेलेल्या दोन्ही पोरी खाणाऱ्यांत धरल्या आणि परसातली बकरी मात्र कोणा दुसऱ्याची म्हणून सांगितली. मी सगळं इमानदारीनं लिहून घेत होते. खोटं सांगणारे ते, लिहिणारी मी, पाप कोणाचं हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

दुसरा प्रश्न घराचा. खोल्या किती, खिडक्या किती, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं. खिडक्या म्हटलं की लोक आणखी सावध व्हायचे. खिडकीवर कर बसणार, अशी बातमी आमच्याही पुढं धावत होती. एका घरी तर आम्ही पोचण्याआधी खिडकीला आतून सूप लावून टाकलं होतं. बाईनं सुपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लिही, खिडकी नाही." तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला की हिला सगळं समजतं.

तिसरा प्रश्न, काय बदलायला हवं? याला बहुतेकांकडे उत्तरच नव्हतं. बदल म्हणजे कोणीतरी वरून आणून टाकतो ती गोष्ट. आपल्याला हवा तसा बदल मागता येतो, हे कोणाला ठाऊक होतं? एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "नदीले सांगा, सावन-भादव्यात घरात येऊ नको मनावं." बाई हसली नाही. तिनं ते तसंच लिहायला लावलं.

लोकांनी तिलाही उलट विचारून घेतलं. "तुमच्या घरी खोल्या किती?" ती म्हणाली, "एक. आम्ही तिघी भाड्यानं राहतो." यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. सरकारच्या बाईला एकच खोली? आणि जेवण? "खानावळीत." ताट? "खानावळीचंच. जे धुऊन येईल ते." एका खोलीत राहणारी, कोणाच्याही ताटात जेवणारी बाई आमच्या चार-चार खोल्या मोजायला आली, तेव्हा हिची नियत साफ नाही, असं मोहल्ल्याचं मत झालं. समुद्राकाठच्या शहराबद्दलही मत झालं. तिथं माणसाला स्वतःचं ताट नसतं, तर त्याला घर तरी कशाला म्हणायचं?

हे मत सगळ्यात ठासून कोणी मांडलं असेल तर आमच्या मायनं. मी ऐकलं आणि खाली पाहिलं, कारण आमच्याच घरात एका माणसाला ताट नव्हतं.

माझी मोठी बहीण, अक्का. नदीपल्याड तिला दिली होती. पाच वर्षं झाली, मूल झालं नाही. मग एका दिवाळीला ती माहेरी आली, आणि भाऊबीज होऊन पंधरा दिवस झाले तरी न्यायला कोणी आलं नाही. नंतर कळलं, तिकडे नवऱ्यानं दुसरी आणली. सोडचिठ्ठी नाही, निरोप नाही. मायनं यावर एक अक्षर काढलं नाही. तिच्या लेखी अक्का दिवाळीला आलेली होती आणि आज ना उद्या गाडी येणार होती.

आमच्या घरात तेव्हा पितळेची तीन ताटं होती. बाबांचं, मायचं आणि माझं. पाहुणा आला की त्याला पळसाची पत्रावळ. तशी रीतच होती आमच्याकडे. अक्काची ताटं आंदणात गेलेली, ती तिकडेच राहिली. म्हणून ती आली त्या दिवशी तिच्यापुढे पत्रावळ आली, आणि दुसऱ्या दिवशीही आली, आणि मग येतच राहिली. तिला ताट दिलं तर ती परत जाणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं मायचं गणित होतं. बाबांना हे दिसत होतं. ते जेवून हात धुवायचे आणि खळ्यावर निघून जायचे.

अक्का रोज सकाळी परसात बसून आपली पत्रावळ आपणच टोचायची. पानं घाईनं लावली की फटी राहतात आणि डाळ गळते. मग ती भराभर भाताचा बांध घालायची, धानाच्या बांधीत पाणी अडवतात तसा. तरी डाळ निसटून जमिनीवर यायचीच. ती पुसायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते फणफणत करायची. "रोज रोज काय सांडून राह्यली व," असं मी तिला म्हटलेलं आहे. ती एकदाही उलटून बोलली नाही, आणि तेच मला आता जास्त लागतं.

आणखी एक गोष्ट. कुरखेड्याकडचं एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं. मुलगा मास्तर होता. मोठी बहीण आपल्या घरी सुखात आहे, दिवाळीला आली आहे, असं त्यांना सांगितलेलं होतं. ते स्थळ मला हवं होतं. उघड सांगते, फार हवं होतं.

आमचं घर मी मुद्दाम शेवटचं ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी बाई ओसरीवर बसली आणि मी तिच्याशेजारी कागद घेऊन बसले. "घरात माणसं किती?" माय म्हणाली, "तिघं. हे, मी अन् हे पोरगी." मी तीन लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. चुलीपाशी बसलेल्या अक्काला ते ऐकू गेलं असणार, भिंत काही फार जाड नव्हती. "ताटं किती?" "तीन." मी तीन लिहिलं. दोन्ही आकडे कसे जुळले होते.

बाई म्हणाली, "गंमत आहे. सगळ्या गावात माणसं वाढवून सांगतात. कमी सांगणारं कोणी भेटलं नव्हतं." ती हे सहज म्हणाली असेल. मायच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला.

तिनं लगेच बाईला जेवायला थांबवून घेतलं. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, असा तिचा हिशोब. समुद्राकडची आहे म्हणून तिनं वांग्याच्या भाजीत सुके झिंगे टाकले, लाखोळीच्या डाळीचं वरण केलं, भात केला. तीन दिवस गाव आंबील पितं म्हणून लिहून घेतलेल्या बाईपुढे हे सगळं मांडायचं, यात काही विसंगत आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. बाबा जेवून खळ्यावर गेले. बाई परसात पाय धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी डोकावून पाहिलं. ती उकिरड्यापाशी उभी होती. उकिरड्यावर पत्रावळींचा ढीग होता. वाळलेल्या, ओल्या, अर्ध्या कुजलेल्या.

आत आल्यावर ती म्हणाली, "सगळ्या एकदमच बसू." नाही म्हणता येईना. अक्का खाली मान घालून दोन पत्रावळी घेऊन आली. एक बाईपुढे, एक स्वतःपुढे. माय आणि मी ताटावर. बाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडेही वांग्यात सुकट घालतात." माय हिरमुसली. तिला काहीतरी वेगळं खाऊ घालायचं होतं.

मग बाई अक्काकडे पाहून म्हणाली, "म्हणजे आपण दोघी पाहुण्या."

"हो न," माय घाईनं म्हणाली. "मोठी पोरगी हाये. दिवाळीले आली."

"कोणत्या दिवाळीला?"

तिनं सरळपणानं विचारलं की मुद्दाम, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. माय माझ्याकडे पाहायला लागली. मी ताटाकडे पाहत होते. आणि जी दोन वर्षं घरात यावर बोललीच नव्हती ती अक्का म्हणाली, "यंदाची तिसरी झाली, बाई."

बाईनं जेवण संपवलं, हात धुतला आणि कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "चार करायचं का?"

मला ते सगळं एकदम दिसलं. हा कागद मुंबईला जाणार, तिथून कचेरीत, कचेरीतून कुरखेड्याला. कागद असे फिरत नाहीत हे कळायचं वय नव्हतं ते, आणि असतं तरी भीती कुठे ऐकते? मी म्हटलं, "ती इथली नाही, बाई. पाहुणी आहे."

हे मी म्हटलं. मायनं नाही, मी.

बाई अक्काकडे वळली आणि तिनं तो तिसरा प्रश्न विचारला. "तुम्हाला काय बदलायला हवं?"

मी सवयीनं समजावून द्यायला तोंड उघडलं, पण अक्काला तो समजला होता. तिनं पत्रावळीकडे पाहिलं. डाळ गळून जमिनीवर ओघळ गेला होता. ती म्हणाली, "मले ताट पायजे."

मग तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. अक्काला लिहिता येत नव्हतं. पण खळ्यावरून आलेल्या धानाची मापं मोजताना ती भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची, एका मापाला एक रेघ. तशीच एक उभी रेघ तिनं माझ्या तीनच्या शेजारी ओढली. जोर इतका लावला की कागद फाटता फाटता राहिला. बाईनं कागद घडी करून पिशवीत ठेवला, मायला नमस्कार केला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं ती गाव सोडून गेली, असं चाचांनी सांगितलं.

माय दोन दिवस अक्काशी बोलली नाही. "घरातली गोष्ट सरकारच्या कागदावर चढवली," एवढंच भांडी आपटत म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी ती चामोर्शीच्या बाजारातून आली, ती पदराखाली काहीतरी झाकून. चाचांच्या ओट्यावरून येताना तर तिनं पदर आणखी ओढून घेतला. आत येऊन तिनं चौथं ताट चुलीपाशी ठेवलं. कोरं, पितळेचं, आमच्या तिघांच्यापेक्षा जरा लहानच.

"कागदावर चार हाये," ती बाबांना म्हणाली. "उद्या साहेब पाहाले आला अन् तीनच ताटं दिसली, तं? खोटं बोलल्याचा दंड बसन." बाबा बरं म्हणाले. मला वाटतं, त्यांना हसू आलं होतं, पण तसं नक्की सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून अक्का ताटात जेवायला लागली. माय रोज वाढताना बजावायची, "सरकारसाठी देऊन राह्यली. गाडी आली का ताट वापस." गाडी आली नाही. साहेबही आला नाही. खिडकीवर कर बसला नाही, नदीनं भादव्यात घरात येणं सोडलं नाही. त्या कागदांचं पुढं काय झालं, समुद्राकाठी कोणी ते वाचले का, काहीच कळलं नाही. मोहल्ल्याचा संशय मात्र फिटला नाही. काहीच होत नाही म्हणजे मोठं काहीतरी होणार, असं चाचा कितीतरी वर्षं म्हणत होते.

कुरखेड्याच्या लोकांनी काही महिन्यांनी विचारलं, घरात कोण कोण? आणि मायनं सरळ सांगून टाकलं, "आमी चौघं. मोठी इथीच राह्यते." मी दारामागे जीव मुठीत धरून उभी होते. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "आमच्याही घरी एक हाये तशी." एवढ्यावर ते संपलं. जिच्यापायी मी बहिणीला पाहुणी केलं, ती भीती एवढीच होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले, अंगावर नवं लुगडं, मास्तरीणबाईचा तोरा. चाचांनी ओट्यावरून हाक मारली, "आली का बेटा?" घरात वांग्याचा आणि झिंग्यांचा वास होता. बाबा, माय जेवायला बसले. अक्का आपलं ताट घेऊन आली. त्याच्या काठावर आता नाव टोचलेलं होतं. बाबांचं नाही, तिचं स्वतःचं. सरकारसाठी आणलेल्या ताटावर ते कोणी टोचून आणलं, हे मी विचारलं नाही.

मी पाटावर बसले आणि फळीकडे पाहिलं. माझं ताट तिथं उपडं होतं. अक्का परसातून आली आणि तिनं माझ्यापुढे पत्रावळ ठेवली. ताजी, हिरवीगार, नीट टोचलेली.

"माझं ताट?" मी विचारलं.

"तू आता पाहुणी न व," माय म्हणाली. तिच्या मनात काहीही नव्हतं. रीत ती रीत. "आमी आता तिघंच."

अक्कानं भात वाढला, त्यावर डाळ वाढली. मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधत होते. टोमणा, राग, निदान आठवण. काहीच नव्हतं. ती म्हणाली, "गळत तं नाई ना?"

"नाही," मी म्हणाले. दोन पानांमधल्या फटीतून डाळ माझ्या नव्या लुगड्याकडे निघाली होती, आणि मी मान खाली घालून भराभर भाताचा बांध घालत होते.